लाटेकमध्ये चिन्हावर चिन्ह बसवताना

लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीत दोन चिन्हं एकावर एक बसवून नवं चिन्ह करता येतं. पण तुम्हाला हवं असलेलं चिन्ह एखाद्या पॅकेजात (तयार आज्ञांच्या संचात) आधीच असेल तर मॅक्रो, म्हणजे स्वतःची नवी आज्ञा, लिहू नका. डीटेक्सिफाय या संकेतस्थळावर चिन्ह माउसने काढून बघा, ते त्याची आज्ञा सुचवतं. तिथे मिळालं नाही, किंवा त्या एका चिन्हासाठी सगळा गणिती फाँट बदलावा लागत असेल, तरच पुढे या.

विभिन्न संचांच्या संयोगाचं चिन्ह घेऊ: कपच्या (संयोगाच्या ∪ या चिन्हाच्या) पोटात टिंब. नवखे लोक हमखास कप टाइप करून उणे एचस्पेसने (आडवी जागा सोडणाऱ्या आज्ञेला ऋण माप देऊन) टिंब मागे ओढतात. सीनियरच्या प्रबंधातून उचललेल्या प्रिअँबलमध्येही (फाइलच्या मजकुराआधीच्या भागात) बहुतेक हेच असतं. फाँट बदलला की टिंब सरकलंच म्हणून समजा.

यासाठी ओओअलाइन ही आज्ञा आहे. एका स्तंभाचा तक्ता, पण त्याच्या सगळ्या ओळी एकाच आधाररेषेवर बसतात. पहिल्या ओळीत कप, मग सीआर (ओळ संपवणारी आज्ञा), दुसऱ्या ओळीत टिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एचफिल (हवी तेवढी ताणली जाणारी मोकळी जागा). एचफिल नसेल तर टिंब डावीकडे चिकटतं.

इथवर सोपं आहे, आणि इथेच माणूस फसतो. ओओअलाइनच्या आत गणिती मोड उरत नाही. आपण डॉलरचं चिन्ह देऊन तो नव्याने उघडतो, आणि नवा डॉलर टेक्स्टस्टाइलमध्येच, म्हणजे मुख्य ओळीच्या आकारातच, उघडतो. बाहेर पादांक चालू आहे, हे त्याला कळत नाही. मुख्य ओळीत चिन्ह सुरेख दिसतं. बेरजेच्या चिन्हाखाली गेलं की शेजारची अक्षरं बारीक आणि हे मात्र पूर्ण आकाराचं. एरर नाही, वॉर्निंग नाही.

घाबरू नका, उपाय दोन छोट्या मॅक्रोंचा आहे: एक आतला, एक बाहेरचा. मॅथपॅलेट ही आज्ञा आतला मॅक्रो डिस्प्ले, टेक्स्ट, स्क्रिप्ट, स्क्रिप्टस्क्रिप्ट अशा चारही स्टाइलमध्ये चालवते. जागेनुसार त्यातला एक वापरला जातो. आतला मॅक्रो दोन आर्ग्युमेंटचा: #१ मध्ये स्टाइल येते, #२ इथे लागत नाही. प्रत्येक ओळीत डॉलर उघडला की आधी एम-ॲट-टीएच (गणिताभोवतीची जादा जागा शून्य करणारी आज्ञा), मग #१, मग चिन्ह. दोन्ही ओळींत! टिंबाच्या ओळीत #१ द्यायचा राहिला तर कप लहान होतो आणि टिंब तेवढंच राहतं. बाहेरच्या मॅक्रोत मॅथबिनच्या (चिन्हाला अधिक-उणेसारखं क्रियाचिन्ह ठरवणाऱ्या आज्ञेच्या) महिरपी कंसात मॅथपॅलेट, आतल्या मॅक्रोचं नाव आणि #२ च्या जागी रिलॅक्स (काहीच न करणारी आज्ञा). मॅथबिन गाळलं तर दोन्ही बाजूंचं अंतर जातं. चिन्ह संबंधदर्शक असेल तर मॅथरेल. हे सगळं मेकॲटलेटर आणि मेकॲटअदर यांच्या मध्ये; आज्ञेच्या नावात @ असल्यामुळे या दोन आज्ञा लागतात.

टिंबाऐवजी वर्तुळात अक्षर बसवायचं असेल तर रेझबॉक्समध्ये (मजकूर वर उचलणाऱ्या आज्ञेत) ०.२ ईएक्स असला आकडा देऊ नका. ईएक्स हे x अक्षराच्या उंचीचं माप भोवतालच्या मजकुराच्या फाँटचं असतं, पादांकात ते कमी होत नाही. डॉलरमध्ये #१ नंतर व्हीसेंटर वापरा, अक्षर त्या स्टाइलच्या अक्षावर मधोमध येतं.

ओळींचा क्रमही मनाला येईल तसा ठेवू नका. ओओअलाइनने तयार होणाऱ्या डब्याची उंची पहिल्या ओळीची आणि खोली शेवटच्या ओळीची धरली जाते. उंच चिन्ह दुसऱ्या ओळीत गेलं तर वर्गमुळाची रेघ त्याला घासते. म्हणून कप आधी, टिंब नंतर. झाल्यावर चिन्ह मुख्य ओळीत, पादांकात, पादांकाच्या पादांकात आणि वर्गमुळाखाली टाकून पीडीएफ ४०० टक्के मोठी करून बघा.