विहिरीचं पाणी बिघडतंय? रानातल्या या चुका टाळा

विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकली, घरात आरओ बसवला, तरी तपासणीच्या अहवालात नायट्रेट, म्हणजे नत्रापासून बनणारा विरघळणारा क्षार, चढंच. दुखणं रानात आणि इलाज विहिरीत, असा हा प्रकार. टीसीएल जंतू मारते, नायट्रेटला ती काही करत नाही. पाणी उकळलं तर वाफ उडून जाते, नायट्रेट मागं राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. आरओ ते काढतो खरा, पण त्याचं टाकाऊ पाणी परसातच मुरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागं 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत मोठा: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळसर पडतं.

एकाच वेळी युरिया, वर पाट भरून पाणी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. उसाला शिफारस चार हप्त्यांची: लागणीला 10 टक्के, 6 ते 8 आठवड्यांनी 40, 12 ते 14 आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, 40. मजूर मिळत नाहीत म्हणून तेच दोन हप्त्यांत उरकलं जातं. पीक एकदम एवढं उचलू शकत नाही. युरियाचं शेवटी नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळं माती त्याला धरून ठेवत नाही आणि पाणी जाईल तिकडं ते जातं. आपल्याकडं तर मुरमाखाली बेसाल्टच्या भेगा. भेगांतून उतरणारं पाणी फारसं गाळलं जात नाही. म्हणून हप्ते पाडा, खत मातीआड करा आणि त्यावर पाण्याचा लोंढा सोडू नका. ठिबक असेल तर त्यातूनच थोडं थोडं द्या.

स्फुरदाची (फॉस्फरसची) चाल वेगळी. ते मातीला चिकटतं आणि बांध फुटला की मातीसकट ओढ्यात जातं. तळ्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते ती बऱ्याचदा या खुराकावर. उताराला आडवी पेरणी केली आणि पाचट न जाळता सरीत राहू दिलं, तरी बरीच माती जागेवर थांबते.

उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला

शेणखत सेंद्रिय, मग त्यानं काय बिघडणार, हा समज सोडा. उघड्या उकिरड्यातून पावसात झिरपणाऱ्या पाण्यात नायट्रेटही असतं आणि जंतूही. उकिरडा, गोठा, शौचालयाचा शोषखड्डा हे सगळं उताराच्या खालच्या बाजूला हवं. विहिरीवर फवारणीचा पंप धुणं तर बंदच करा.

ओघळीचं पाणी थेट बोअरमध्ये

पुनर्भरण चांगलंच, पण खत आणि तणनाशक मारलेल्या रानाचं पाणी केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपात) सोडणं म्हणजे मातीची गाळणी ओलांडून ते खाली पोचवणं. दगड, खडी, वाळूचा खड्डा गाळ अडवतो. विरघळलेलं नायट्रेट त्यातून सरळ जातं. पिण्याच्या बोअरला फक्त छपराचं पाणी द्या, तेही पहिले पाऊस वाहून गेल्यावर.

पाणी जास्त तर ऊस जास्त

शिरोळ, मिरज भागातल्या क्षारपड जमिनी पाहिल्यावर हे कुणी म्हणू नये. काळ्या रानात सतत पाणी भरलं की भूजल वर येतं, आणि पाणी उडून गेलं की क्षार वर साचतात. भूमिगत चर काढले तर रान सुधारतं, पण निचऱ्यातले क्षार आणि नायट्रेट ओढ्यात उतरतात. खालच्या गावाचं पाणी तिथंच असतं.

नेमकं कुठं बिघडलंय?

पहिल्या पावसात पाणी गढूळ होत असेल, तर कठडा आणि भोवतीचा उतार पाहा. बारमाही जंतू निघत असतील, तर उकिरडा नाहीतर शोषखड्डा. खताच्या हंगामानंतर नायट्रेट चढत असेल, तर हप्ते. नमुना एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तपासणी होते. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच घ्या.

आणि अहवाल फडताळात टाकू नका, खताच्या हिशोबात धरा. 45 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरमागं साधारण 10 मिलिग्रॅम नत्र. एकरात साडेसात सेंटीमीटर उभं पाणी भरलं तर ते तीन लाख लिटर होतं. अशा तीन-चार पाळ्यांत जवळपास अर्ध्या गोणीचं नत्र विहिरीतूनच रानात येतं. तेवढा युरिया विकत घेऊ नका.