अठरा सर्वोंचा रोबो आणि माझा चुकलेला करंटचा हिशोब

बटण दाबलं की माझ्या सहा पायांच्या रोबोचे अठराही सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरायचे, कंट्रोलर रीसेट व्हायचा आणि पुन्हा तेच. तीन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत बसले होते. रात्री झोप लागायची नाही. चूक पॉवर सप्लायची होती.

व्होल्टेज बरोबर होतं, ६ व्होल्ट. घोळ करंटचा. एमजी ९९६ आर जातीचा सर्वो सहज फिरताना अर्धा ते एक अँपिअर घेतो. मी अर्धा धरला, १८ ने गुणलं, ९ आले आणि १० अँपिअरचा सप्लाय घेतला. कागदावर सगळं ठीक.

आता हे नीट वाचा. मोटर फिरत असताना स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये ते नसतं. करंटला अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स, म्हणून हाच सर्वो अडला की ६ व्होल्टवर अडीच अँपिअरच्या आसपास ओढतो. याला स्टॉल करंट म्हणतात. आणि प्रत्येक सर्वो हलायला लागतो तो थांबलेल्या अवस्थेतूनच! बटण दाबताच अठराही एकदम निघाले तर मागणी ४५ अँपिअरकडे धावते. व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर बंद पडतो, सर्वो सुटतात, व्होल्टेज सावरतं, कंट्रोलर जागा होऊन पुन्हा अठरांना हुकूम सोडतो. माझी थरथर ती हीच.

मल्टिमीटरवर हे दिसत नाही. तो सरासरी दाखवतो, व्होल्टेजमधला खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो. माझा मीटर जवळपास ६ दाखवत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. उसना ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा कुठे खड्डा दिसला.

एका सिनियरनं सांगितलं होतं, ‘मोठा कपॅसिटर टाक, काम होईल.’ हिशोब न करता दिलेला सल्ला घेऊ नका, देणारा कितीही अनुभवी असो. १००० मायक्रोफॅरडमधून १० अँपिअर ओढले तर ०.१ मिलिसेकंदात १ व्होल्ट उतरतो. कपॅसिटर जरूर लावा, बारीक झटके तो झेलतो, पण सप्लायची उणीव भरून काढत नाही.

घाबरू नका, ४५ अँपिअरचा सप्लाय लागत नाही. कोडमध्ये सर्वो एकामागून एक, थोड्या अंतरानं जागे करा. मग एकूण स्टॉल करंटच्या निम्मा, म्हणजे २० ते २५ अँपिअर, मला पुरला. सप्लाय मोठा घेतला तर सर्वो जळेल ही भीतीही सोडा. व्होल्टेज योग्य असेल तर सर्वो हवा तेवढाच करंट घेतो.

बॅटरीवर चालवायचं असेल तर दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ७.४ व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ असते. ६ व्होल्टच्या सर्वोला ती थेट जोडायची नाही. मी दर सहा सर्वोंना वेगळा यूबेक, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं छोटं सर्किट, दिला. तिघांचे प्लस वेगळे ठेवले, ग्राउंड मात्र कंट्रोलरसकट सगळ्यांचे एकत्र. ग्राउंड एकत्र नसेल तर सिग्नलला अर्थच राहत नाही. व्होल्टेज उतरवणाऱ्या एलएम २५९६ चिपचं ३ अँपिअरचं मॉड्यूल इथे नको, ते एकाच सर्वोला जेमतेम पुरतं. बॅटरीच्या प्लसवर फ्यूज हवाच, यात तडजोड नाही. शॉर्ट झालेली लिपो पेट घेऊ शकते.

सर्वोंचा करंट ब्रेडबोर्डमधून (सोल्डर न करता वायरी खोचायच्या बोर्डातून) नेऊ नका, आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनमधून तर मुळीच नाही. बारीक जंपर वायरीही काढून टाका. मी सप्लायपासून जाड वायर नेली आणि सर्वो जिथे जोडतात त्या ड्रायव्हर बोर्डाच्या स्क्रू टर्मिनलमध्ये कसली. त्या रात्री रोबो पहिल्यांदा सहा पायांवर उभा राहिला आणि मी मीटर न लावता नुसती बघत बसले.