ग्राहक कंपनीचा बीआरएसआर फॉर्म आला, तर कोणता आकडा कोणत्या रकान्यात?

कुपवाड, मिरज, शिरवळ किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीला आणि मशीन शॉपला हल्ली मोठ्या ग्राहकाकडून एक एक्सेल फाइल येते. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कार्बन किती, असे प्रश्न त्यात असतात. भरणाऱ्याकडे बिलं आणि चलनं असतातच, पण आकडा बरोबर असूनही चुकीच्या रकान्यात जातो. म्हणून हे रकाने कोणी आखले ते आधी पाहा.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीच्या वार्षिक अहवालाचा नमुना आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. २०२३ मध्ये त्यातल्या नऊ बाबी निवडून ‘बीआरएसआर कोअर’ तयार झाला. त्यातले आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्यावे लागतात. पुरवठादार आणि खरेदीदार भागीदारांची माहिती हा भाग पहिल्या २५० कंपन्यांसाठी असून नंतरच्या सुधारणेत तो ऐच्छिक झाला. एकूण खरेदी किंवा विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त, तोच भागीदार त्यात धरायचा. ग्राहकाच्या खरेदी विभागाला पहिला प्रश्न हाच विचारा: आम्ही त्या २ टक्क्यांत येतो का? येत नसाल तर अर्धी फाइल गाळायला सांगता येते.

फाइलमध्ये जीआरआय किंवा आयएफआरएस एस-२ असंही लिहिलेलं दिसेल. ही अशाच अहवालांची आंतरराष्ट्रीय मानकं. कंपनीमुळे लोकांवर आणि निसर्गावर काय परिणाम होतो, हे जीआरआय विचारतं. हवामानामुळे कंपनीच्या पैशावर काय परिणाम होईल, हे एस-२ विचारतं. युरोपची मानकं दोन्ही विचारतात. विजेचे युनिट मात्र सगळीकडे तेच, त्यामुळे मूळ आकडा एकदाच नीट काढून ठेवा.

आता कोड. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण एकाच कारखान्याला तीन-चार वर्गीकरणं लागू असतात. एनआयसी २००८ हे उद्योगांचं राष्ट्रीय वर्गीकरण धंद्याचा प्रकार सांगतं. तो कोड उद्यम प्रमाणपत्रावर, म्हणजे लघुउद्योग नोंदणीच्या कागदावर सापडतो. लोखंडी-पोलादी कास्टिंग २४३१, इतरांच्या मालाचं मशीनिंग २५९२, वाहनांचे सुटे भाग २९३०. उद्यमवर जुना कोड पडून असेल आणि आज उलाढाल दुसऱ्याच कामातून येत असेल, तर आधी तो दुरुस्त करा. जीएसटीचा एचएसएन कोड मालाचा असतो, धंद्याचा नाही. प्रदूषण मंडळाची लाल, नारिंगी, हिरवी श्रेणी प्रदूषणाच्या शक्यतेवर ठरते. हे कोड एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

निर्यात करणाऱ्यांनी एचएसएन विशेष जपावा. युरोपचा कार्बन कर, म्हणजे सीबीएएम, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आणि तो मालाच्या कोडवर ठरतो. मूळ यादीत नट-बोल्टचा ७३१८ आणि लोखंडाच्या इतर वस्तूंचा ७३२६ आहे. कास्ट वस्तूंचा ७३२५ आणि वाहनभागांचा ८७०८ नाही. सवयीने ७३२६ टाकत आलेल्याने सल्लागाराकडून कोड तपासून घ्यावा.

वीज. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या ग्राहकाला महावितरणचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर) येतं. कार्बनचा हिशेब मात्र केडब्ल्यूएचवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर करायचा. तो आकडाही बिलात असतो. समजा इंडक्शन भट्टीचा महिन्याचा वापर २,००,००० केडब्ल्यूएच आहे आणि केव्हीएएच २,१०,०००. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४चा गुणक प्रति युनिट ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उत्सर्जन १४५.४ टन. चुकून केव्हीएएच घेतलं तर दरमहा सव्वासात टन फुकट वाढतात. हा झाला स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन. ऊर्जेच्या रकान्यात ज्यूल मागतात, तिथे १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. वर्ष बदललं की गुणकही बदला.

स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात आणि तुमच्या गाड्यांत जळलेलं इंधन. डिझेलला लिटरमागे सुमारे २.६८ किलो, कपोलातल्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीतल्या कोकला टनामागे सुमारे ३ टन. कपोलात चुनखडी टाकत असाल तर तीही धरा: शुद्ध चुनखडीच्या टनातून ०.४४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हा आकडा जवळपास हमखास राहून जातो. भाड्याच्या ट्रकचं डिझेल आणि बाहेर दिलेलं जॉबवर्क स्कोप ३ मध्ये, म्हणजे तुमच्यासाठी दुसऱ्यांकडून होणाऱ्या उत्सर्जनात जातं. साखर कारखान्यांसाठी एक सूचना: बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड स्कोप १ मध्ये मिसळायचा नसतो, तो जैविक म्हणून वेगळा दाखवायचा.

पाणी. एमआयडीसीच्या नळाचं पाणी कृष्णेचं असलं तरी ते ‘भूपृष्ठावरचं पाणी’ नाही. दुसऱ्याने पुरवलेलं म्हणून ‘त्रयस्थाचं पाणी’ या रकान्यात जातं. स्वतःची बोअर असेल तर भूजल. वापर म्हणजे घेतलेल्या पाण्यातून बाहेर सोडलेलं वजा करून उरलेलं. बिलावरचा आकडा जसाच्या तसा वापरात टाकू नका.

कचऱ्यात वापरलेलं तेल घातक कचरा आहे, २०१६च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ५.१ वर. मोल्डिंगची वाळू साधारणपणे ‘इतर बिनघातक’मध्ये जाते, पण रासायनिक बाइंडरची असेल तर चाचणी करून मगच ठरवा. भंगारवाल्याला किलोवर दिलेलं आणि टँकर किंवा ट्रॉलीने नेलेलं, सगळं टनांत आणा. घातक कचऱ्याचा फॉर्म ४ दरवर्षी ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५ ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जातो. ग्राहकाला पाठवण्याआधी फाइल या दोन्हींशी ताडून पाहा. एकाच तेलाचे दोन कागदांत दोन आकडे दिसले की तपासणीत प्रश्न येतोच.