अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जायचं तर पॉइंट्सच्या तिकिटावरचा टॅक्स आधी समजून घ्या

राम राम मंडळी. मी मूळचा अमळनेरचा, आता इंग्लंडमधल्या रेडिंगला चौदा वर्षं झाली. यंदा जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच नवीन पोरं-पोरी इकडे आलीयेत आणि प्रत्येकाचा पहिला फोन घराबद्दल असतो, दुसरा बँक खात्याबद्दल आणि तिसरा हमखास हा की दादा विमान कंपनीचे एवढे पॉइंट्स जमवले, तिकीट फुकट म्हणतात, मग हे अडीचशे-तीनशे पाउंड कशाचे मागताहेत? म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की पॉइंट्समधून फक्त भाडं जातं, वरचे पैसे खिशातूनच द्यायचे असतात, आणि ते वरचे पैसे सगळे एका जातीचे नसतात. बुकिंग करताना टॅक्सचा जो एकच मोठा आकडा दिसतो ना, त्याच्यावर क्लिक करून फोड बघायची. त्यात जीबी लिहिलेलं असतं ती इथल्या सरकारची एअर पॅसेंजर ड्यूटी, आपण एपीडी म्हणू. यूबी म्हणजे विमानतळाची फी. आणि वायक्यू किंवा वायआर दिसलं की समजायचं हा विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज आहे, तो सरकारला जात नाही, कंपनीकडेच राहतो. सरकारी टॅक्समध्ये कंपनी बदलून काही फरक पडत नाही, तिथे प्रवासच वेगळा आखावा लागतो. सरचार्ज मात्र कंपनी आणि पॉइंट्सचा प्रोग्राम बदलला की कमी होतो, कधी कधी पूर्ण जातो.

आता एपीडीचं. हा टॅक्स १९९४ पासून आहे आणि तो ब्रिटनमधून निघतानाच लागतो, इकडे येताना लागत नाही. हे एक वाक्य समजलं की अर्धं काम झालं. मुंबई ही मध्यम अंतराच्या गटात येते, तिथे १ एप्रिल २०२६ पासून इकॉनॉमीला माणशी १०२ पाउंड आणि त्याच्या वरच्या सगळ्या क्लासला २४४. वरच्या क्लासमध्ये प्रीमियम इकॉनॉमी पण आली बरं का, लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं थोडीच मोठी सीट आहे पण टॅक्स बिझनेस क्लासइतकाच लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत एपीडी माफ आहे, वरच्या क्लासमध्ये नाही. म्हणजे नवरा-बायको आणि दोन पोरं इकॉनॉमीने निघाली तर २०४ पाउंड आणि तेच कुटुंब प्रीमियमने निघालं तर ९७६. बघा हिशोब लावून.

म्हणून मी गेली कितीतरी वर्षं एकच पद्धत धरलीये, जाताना इकॉनॉमी आणि येताना पॉइंट्सवर बिझनेस. मुंबईहून निघताना एपीडीचा प्रश्नच येत नाही. आणि खरी झोपेची गरज परतीलाच असते हो, अखाजीचे आठ दिवस जागरणं, झोके, गाणी, पुरणपोळ्या, मग रात्रीची गाडी पकडून कल्याणला उतरायचं, तिथून एअरपोर्ट, आणि इकडे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिस. शिवाय ब्रिटिश एअरवेजच्या बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा मिळतात, म्हणजे बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स सगळं बसतं आणि आईला काही परत काढून ठेवावं लागत नाही. माझ्या आईचा चेहरा ते सामान परत काढताना कसा व्हायचा ते मी पाहिलंय.

मुलांच्या बाबतीत एक काळजी घ्या. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाला बऱ्याच ठिकाणी फॉर्ममध्ये वेगळा रकाना असतो, तो निवडला नाही तर त्याच्यावर मोठ्या माणसाचा टॅक्स लागतो. आमचा मोठा तेरा वर्षांचा असताना एका कंपनीच्या साइटवर हा रकाना सापडलाच नाही, मी त्याला मोठ्यांत धरलं, आणि पैसे परत मिळवायला सहा फोन आणि दोन महिने गेले. तुमचं असं होऊ नये. पैसे भरायच्या आधी प्रत्येकाच्या नावापुढचा आकडा वाचा.

आईवडिलांना इकडे बोलवताना पण हेच सूत्र. येताना त्यांना पॉइंट्सवर आरामात आणा. त्यांना पुढे कॅनडा-अमेरिकेत बहिणीकडे जायचं असेल आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर लंडनच्या हीथ्रो विमानतळावर चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असलं की एपीडी लागत नाही. चार दिवस तुमच्याकडे थांबून पुढे गेले की लागतो. मी तरी म्हणेन थांबवा, आईवडील चार दिवस घरी राहणं त्या पैशापेक्षा मोठं आहे.

लोक सांगतील की डब्लिनहून निघ, तिथे असा टॅक्स नाही. ते खरंय, आयर्लंडने तो २०१४ मध्येच काढून टाकला. पण आपल्या भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, इथला वर्क व्हिसा तिथे चालत नाही, आणि डब्लिनला जायचं तिकीट वेगळं असल्यामुळे ते विमान उशिरा आलं तर पुढचं गेलं समजा. नवीन माणसाने यात पडूच नये. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र इन्व्हर्नेस चांगलं. तिथून निघणाऱ्या विमानांना एपीडी माफ आहे, आणि इन्व्हर्नेस-हीथ्रो-मुंबई एकाच तिकिटावर घेतलं आणि हीथ्रोला चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर पूर्ण प्रवासाला माफी मिळते. व्हिसाची पण भानगड नाही. ॲबर्डीनच्या भावांनो, तुम्ही हे बघाच.

आता सरचार्ज. ब्रिटिश एअरवेजवर एव्हिऑस, म्हणजे त्यांचे पॉइंट्स, वापरताना जास्त एव्हिऑस-कमी पैसे किंवा कमी एव्हिऑस-जास्त पैसे असे तीन-चार पर्याय दिसतात, पहिला दिसेल तो घेऊ नका. साधा हिशोब करायचा. समजा रोख तिकीट ५२० पाउंडचं आहे आणि पॉइंट्सवर घेतलं तर ५० हजार एव्हिऑस आणि वर २५० पाउंड. वाचले २७०, म्हणजे एका एव्हिऑसला अर्ध्या पेनीच्या जरासं वर. मी एक पेनीच्या खाली एव्हिऑस खर्च करत नाही. अशा वेळी रोखीने स्वस्त तिकीट काढा आणि पॉइंट्स परतीच्या बिझनेससाठी ठेवा. आणि कॅनडात कोणी चुलतभाऊ असेल आणि त्याच्याकडे एअर कॅनडाचे एरोप्लॅन पॉइंट्स पडून असतील तर त्याला विचारा, त्यावर एअर इंडियाचं लंडन-मुंबई मिळतं, कंपनीचा सरचार्ज लागत नाही, ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग फी आणि खरे टॅक्स तेवढे द्यायचे. तो तुमच्या नावाने तिकीट काढू शकतो.

पॉइंट्स जमवायला पहिल्याच वर्षी क्रेडिट कार्डांच्या मागे लागू नका, इथे तुमची क्रेडिट हिस्ट्री अजून तयार व्हायचीये आणि अर्ज नाकारले गेले की पुढे घराच्या कर्जाला त्रास होतो. सेन्सबरी सुपरमार्केटचं नेक्टर कार्ड घ्या, त्याचे पॉइंट्स एव्हिऑसमध्ये बदलता येतात. एका पत्त्यावर राहणाऱ्यांचं ब्रिटिश एअरवेजचं हाउसहोल्ड अकाउंट उघडलं की घरातल्या सगळ्यांचे एव्हिऑस एकत्र वापरता येतात.

ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंट्सवरच्या सीटा ३५५ दिवस आधी उघडतात. अखाजी, श्रावणातला कानबाईचा सण, वांग्याच्या भरताचे दिवस, ज्याला जायचं असेल त्याने कॅलेंडर आत्ताच काढावं. कानबाई शाळेच्या मोठ्या सुट्टीत येते म्हणून त्या सीटा सगळ्यात आधी जातात. जमलं नाही तर एव्हिऑसचं तिकीट चोवीस तास आधीपर्यंत माणशी ३५ पाउंड देऊन रद्द होतं, पॉइंट्स आणि भरलेले टॅक्स परत येतात. त्यामुळे सुट्टी मंजूर व्हायची वाट बघत बसू नका, आधी सीट धरा आणि मग मॅनेजरशी बोला.