रद्द केलेली रिक्वेस्ट म्हणजे एरर नव्हे

शोधाच्या चौकटीत नवं अक्षर पडलं की आधीची फेच रिक्वेस्ट (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे केलेली मागणी) आपण अबॉर्टकंट्रोलरने, म्हणजे ती रद्द करणाऱ्या ऑब्जेक्टने, मुद्दाम थांबवतो. ती थेट कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये, येऊन पडते आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘काहीतरी चुकलं’ झळकतं. चुकलेलं काहीच नसतं! म्हणून कॅचमध्ये आधी एररचं नाव ‘अबॉर्टएरर’ आहे का ते तपासा. असेल तर तिथूनच परत फिरा; बाकीच्या एरर मात्र गिळू नका, पुढे फेका.

लोडिंगचं चक्र फायनलीमध्ये (एरर येवो न येवो, शेवटी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) थांबवत असाल तर जपा. जुन्या रिक्वेस्टचं फायनली नव्या रिक्वेस्टचं चक्र बंद करून टाकतं, आणि हा बग सहजी सापडत नाही. चालू कंट्रोलर याच रिक्वेस्टचा आहे ना, हे पाहूनच चक्र थांबवा. एकदा अबॉर्ट केलेला कंट्रोलर पुन्हा चालत नाही, दरवेळी नवा बनवा.