महिलांच्या सूक्ष्म उद्योगांना प्रशिक्षण: परिणाम मोजताना या चुका टाळा

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे ठरवताना मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे आधीचा आणि नंतरचा नफा नुसता शेजारी शेजारी मांडणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. शिवणकाम करणाऱ्या महिलांच्या एका तुकडीचा नफा प्रशिक्षणानंतर घटलेला दिसला आणि आम्ही तो अभ्यासक्रमच गुंडाळायला निघालो होतो. वह्या उघडून बसल्यावर उलगडा झाला. पूर्वी त्या फक्त कापड आणि दोरा खर्चात धरत असत. वर्गात शिकल्यावर यंत्राची दुरुस्ती, वीज आणि बुडीत उधारीही नोंदवू लागल्या होत्या. धंदा होता तेवढाच होता, हिशेब मात्र खरा झाला होता. तेव्हापासून मी दोन्ही वेळा, त्याच शब्दांत, एकच प्रश्न विचारते: गेल्या महिन्यात सगळा खर्च वजा जाता हातात किती उरले? सोबत शिवून दिलेल्या कपड्यांची संख्याही घेते. शिवाय चिठ्ठ्या टाकून काही जणींना पुढच्या तुकडीसाठी राखून ठेवते आणि प्रशिक्षण घेतलेल्यांची तुलना त्यांच्याशी करते, कारण आपणहून नाव नोंदवणाऱ्या महिला मुळातच धडपड्या असतात आणि तेजी-मंदी तर सर्वांच्याच वाट्याला येते.

हजेरीपटालाच यश समजू नका.

नव्या प्रशिक्षकांना पाच दिवसांत अख्खे लेखाशास्त्र शिकवण्याची घाई असते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सूक्ष्म उद्योजकांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औपचारिक हिशेबाच्या वर्गाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवण्यासारखे सोपे नियम शिकलेल्यांचे व्यवहार मात्र सुधारले. टोगोमध्ये सुमारे १,५०० उद्योजकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वतः पुढाकार घेण्याची सवय लावणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, तर पारंपरिक वर्गाने झालेली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. मी म्हणूनच पहिल्या दिवशी फक्त दोन डबे ठेवायला सांगते, एक घरच्या पैशांचा आणि एक धंद्याच्या. ताळेबंदाचे नाव काढत नाही.

भांडवलाची अडचण असलेल्या बाईला केवळ सल्ला देऊन परत पाठवू नका.

सहा महिन्यांत यशोगाथा छापण्याचा मोहही आवरावा. श्रीलंकेत आधीपासून उद्योग चालवणाऱ्या महिलांचा नफा नुसत्या प्रशिक्षणाने वाढला नाही. प्रशिक्षणासोबत रोख अनुदान मिळालेल्यांचा सुरुवातीला चांगलाच वाढला, पण दुसऱ्या वर्षी तो फरक विरून गेला. त्यामुळे दोन वर्षांनंतरची भेट झाल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही आणि वरिष्ठांची त्याबद्दलची नाराजी ऐकून घेते.