श्रीमंतीचे प्रदर्शन कसे ओळखावे

एखाद्याच्या अंगावरची किंवा घरातली वस्तू पाहून त्याची ऐपत ठरवण्याची घाई करू नये. ती कोणाच्या नजरेस पडावी म्हणून मिरवली जात आहे, हे आधी शोधावे. हा प्रेक्षक सहसा सारे जग नसून आपल्याच थरातला, फार तर एखादी पायरी वर किंवा खाली असलेला माणूस असतो.

नवश्रीमंतांपासून सुरुवात करणे सोपे जाते. आपली जुनी परिस्थिती पालटली, हे अनोळखी माणसालाही कळावे अशी त्यांची इच्छा असते, म्हणून दुरूनही दिसणारे बोधचिन्ह, मोठी मोटार आणि ठसठशीत दागिने त्यांना उपयोगी पडतात. याला बडेजाव म्हणून नाक मुरडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याची पत कोणी गृहीत धरत नाही त्याला ती दाखवावीच लागते. तुटपुंज्या मिळकतीत कर्ज काढून समारंभ करणाऱ्या कुटुंबाकडेही याच दृष्टीने पाहावे. चार लोकांत मान खाली जाऊ नये, यासाठी मोजलेली ती किंमत असते. मध्यमवर्गात पैशापेक्षा शिक्षण, भाषा आणि मुलांचे यश यांचा उल्लेख अधिक होतो.

खरी कसोटी लागते ती पिढीजात श्रीमंतांपाशी. त्यांच्या कपड्यांवर नाव नसते. कापडाचा पोत आणि शिवण जाणकारालाच कळते. येथे वस्तूंऐवजी वेळेकडे पाहावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच दाखवून दिले होते, की शिष्टाचार किंवा मृत भाषांचे ज्ञान प्रतिष्ठेचे ठरते, कारण ते मिळवायला पोटापाण्याच्या चिंतेतून मोकळी झालेली वर्षे लागतात. पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने अभिरुचीबद्दल तसेच म्हटले: लहानपणी घरातच मुरलेली आवड सहज वाटते, तर मोठेपणी प्रयत्नाने कमावलेली थोडी अवघडलेली दिसते. हा सहजपणा विकत घेता येत नाही, आणि म्हणूनच (थोडे क्रूर असले तरी) दारात उभ्या असलेल्या नवागताला ओळखण्यासाठी तो वापरला जातो.

कोणतेही चिन्ह कायमचे समजू नये. समुद्री गोगलगायींपासून मोठ्या कष्टाने मिळणारा जांभळा रंग रोमन सत्ताधाऱ्यांची खूण होता. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन याला कृत्रिम जांभळा रंग गवसला आणि पुढे तो रंग सामान्यांच्याही आवाक्यात आला. युरोपात कष्टकरी शेतात राबत असेतो गोरी कातडी प्रतिष्ठेची होती. कामगार कारखान्याच्या छपराखाली गेल्यावर उन्हात रापलेली कातडी फुरसतीची साक्ष देऊ लागली. म्हणून निरीक्षणाची नोंद करताना वस्तूसोबत साल, ती वापरणाऱ्याचा थर आणि ती कोणापुढे मिरवली गेली, हेही लिहावे.